हेवी मेटलसाठी गिटारच्या तारा कशा निवडायच्या: आधी ट्यूनिंग, मग तार

गेल्या जूनमध्ये आमच्या कळव्यातल्या बिल्डिंगमधला एक मुलगा गिटार घेऊन घरी आला, बारावीतला, नुकतंच मेटलचं वेड लागलेलं, आणि म्हणाला, "दादा, गिटार बिघडलीये, सूरच टिकत नाही." बघितलं तर ब्रिज (बॉडीवर तारा जिथे अडकवतात तो भाग) मागून पार वर उचललेला, बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्या) तारांखालून पेन्सिल गेली असती इतकी उंची, आणि पोराच्या डाव्या हाताची बोटं टोकाला सोललेली. विचारल्यावर कळलं की दुकानात जाऊन "मेटल वाजवायचंय" असं सांगितलं आणि दुकानदाराने "मेटल म्हणजे जाड तार" म्हणून १२-५६ चा सेट हातात ठेवला. हा ई स्टँडर्डला, म्हणजे गिटारच्या नेहमीच्या ट्यूनिंगला वाजवत होता, तेही फ्लॉइड रोज, म्हणजे स्प्रिंगांवर तरंगणारा ब्रिज असलेल्या गिटारवर. गिटार एकदम ठणठणीत होती, तारा चुकल्या होत्या.

असे तीन-चार जण तरी मला दरवर्षी भेटतात, ठाण्यात, ऐरोलीत, कोपरखैरण्याच्या जॅम रूममध्ये, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, "मेटलसाठी कुठल्या तारा टाकू?" मी प्रत्येक वेळी उलटा प्रश्न विचारतो की तू कुठल्या ट्यूनिंगला वाजवतोस, कारण त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय तारांबद्दल बोलण्यात अर्थच नाही. बहुतेकांनी त्याचा विचारच केलेला नसतो. म्हणून हे सगळं एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय, पहिल्यांदा तारा विकत घेणाऱ्यांसाठी.

आधी पाकिटावरचे आकडे समजून घ्या

पाकिटावर ९-४२, १०-४६, ११-४९ असं काहीतरी लिहिलेलं असतं. हे गेज, म्हणजे तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. १० म्हणजे ०.०१० इंच, साधारण पाव मिलिमीटर. पहिला आकडा सगळ्यात बारीक तारेचा, दुसरा सगळ्यात जाड तारेचा. दुकानात नुसतं "दहाचा सेट द्या" म्हटलं की १०-४६ मिळतो, आणि "नऊचा" म्हटलं की ९-४२. पण १०-५२ हा पण "दहाचा"च सेट आहे, वरच्या, म्हणजे चढ्या सुराच्या बारीक तीन तारा त्याच आणि खालच्या सुराच्या तीन जाड, आणि मेटलवाल्यांसाठी हाच फरक सगळ्यात महत्त्वाचा आहे, त्यामुळे कायम दोन्ही आकडे सांगायची सवय लावून घ्या.

तारांचे नंबर बारीककडून जाडकडे मोजतात, पहिली सगळ्यात बारीक, सहावी सगळ्यात जाड. पहिल्या तीन साध्या, नुसत्या स्टीलच्या. खालच्या तीन वाउंड, म्हणजे आत स्टीलचा गाभा आणि त्यावर दुसरी तार गुंडाळलेली. मेटलच्या रिफ्स, म्हणजे गाण्यात परत परत येणारे तुकडे, मुख्यतः या खालच्या तीनवरच वाजतात.

पायरी पहिली: ट्यूनिंग ठरवा

माझ्या आईचा तंबोरा आहे, मिरजेचा, आमच्या हॉलच्या कोपऱ्यात उभा असतो. त्याची चौथी तार खर्जाची, पितळी आणि बाकीच्यांपेक्षा जाड. लहानपणी मी ती उगाच सैल करून ठेवायचो आणि आई लांबूनच ओरडायची, "खर्ज कोणी उतरवला?" तिला न बघता कळायचं, कारण सैल पडलेली तार घुमत नाही, फडफडते. इलेक्ट्रिक गिटारच्या सहाव्या तारेचं हुबेहूब हेच आहे. सूर खाली नेला की ताण कमी होतो, ताण कमी झाला की तार फडफडते, आणि त्यावर डिस्टॉर्शन टाकलं की ती फडफड दहापट मोठी ऐकू येते.

थोडे आकडे देतो, कारण एकदा हे डोक्यात बसलं की पाकीट निवडायला कोणाला विचारावं लागत नाही. १०-४६ चा साधा सेट, २५.५ इंच स्केलची गिटार, ई स्टँडर्ड ट्यूनिंग. यात सहाव्या तारेवर साधारण ८ किलोचा ताण असतो, आणि सहाही तारा मिळून जवळपास ४७ किलो, म्हणजे सिमेंटच्या एका गोणीएवढं वजन तुमची मान कायम ओढत असतं. आता सूर अर्धा खाली आणला की प्रत्येक तारेवरचा ताण साधारण ११ टक्के कमी होतो, पूर्ण एक सूर खाली आणला की पाचवा हिस्सा गेला. तीच ४६ ची तार ड्रॉप डीला (फक्त सहावी तार एक सूर खाली) सव्वासहा किलोवर येते, आणि ड्रॉप सीला (सगळ्या तारा एक सूर खाली, सहावी दोन सूर) जेमतेम पाच किलोवर. पाच किलोला तार रबरासारखी होते. जोरात पिक मारला की सुरुवातीला सूर वर चढतो आणि मग खाली येतो, पाम म्यूट केला (तळहाताची कड ब्रिजपाशी तारांवर टेकवून वाजवलं) की "चग" यायच्या ऐवजी "भ्वॉव" असं काहीतरी येतं, आणि ट्यूनरचा काटा एका जागी उभाच राहत नाही.

आता त्याच ड्रॉप डीला ४६ च्या जागी ५२ ची तार लावा, ताण परत बरोब्बर ८ किलोच्या आसपास येतो. ड्रॉप सीला ५६ ची लावा, साडेसात किलो. ड्रॉप बीला (सहावी अडीच सूर खाली) ६० ची, तीही जवळपास तेवढीच. म्हणजे जाड तारा घ्यायच्या त्या सूर खाली नेल्यावर हरवलेला ताण परत मिळवण्यासाठी. ई स्टँडर्डला वाजवणाऱ्याला ५६ ची तार काहीच देत नाही, फक्त बोटं सोलते आणि मान वाकवते.

तुमच्या आवडत्या पाच गाण्यांची यादी करा आणि प्रत्येकाचं ट्यूनिंग शोधा. जुनं थ्रॅश आणि ऐंशीच्या दशकातलं हेवी मेटल बरंचसं ई स्टँडर्डला किंवा अर्धा सूर खाली असतं. नव्वदनंतरचं, विशेषतः मेटलकोर वगैरे, ड्रॉप डी, ड्रॉप सी आणि त्याहून खाली. डेथ मेटल आणि डूम मेटलवाले डी स्टँडर्ड (सहाही तारा एक सूर खाली), सी स्टँडर्ड (दोन सूर खाली), बी पर्यंत जातात. पाचपैकी चार गाणी ज्या ट्यूनिंगला असतील ते तुमचं ट्यूनिंग, पाचव्या गाण्यासाठी सेट बदलू नका. एकाच गिटारवर सकाळी ई स्टँडर्ड आणि संध्याकाळी ड्रॉप बी असं करायला जाल तर दोन्हीकडे वाईटच वाजेल, आणि फ्लॉइड रोज असेल तर वेड लागायची वेळ येईल.

पायरी दुसरी: आपली गिटार कुठली आहे ते बघा

नट (मानेच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) ते ब्रिज एवढी लांबी म्हणजे स्केल. टेप घ्या, नटपासून बाराव्या फ्रेटच्या पट्टीपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. स्ट्रॅट पद्धतीच्या गिटारचं स्केल २५.५ इंच, लेस पॉल पद्धतीचं २४.७५ च्या जवळपास. पाऊण इंचच फरक, पण त्यामुळे त्याच तारा लेस पॉलवर साधारण ६ टक्के ढिल्या लागतात. म्हणून लेस पॉलवाल्याने ड्रॉप सीला जायचं असेल तर एक पाऊल जाडच जावं.

मग ब्रिज. तारा थेट बॉडीतून येत असतील किंवा ब्रिज पक्का बसवलेला असेल तर तुम्ही सुखी आहात, कुठलाही गेज लावा, थोडंफार सेटिंग करा, झालं. फ्लॉइड रोज असेल तर गोष्ट वेगळी, कारण तो ब्रिज दोन खिळ्यांवर तरंगतो, एका बाजूने तारा ओढतात आणि मागच्या बाजूने स्प्रिंगा, आणि दोघांची ओढाताण बरोबरीत सुटली की ब्रिज सपाट राहतो. तारा जाड केल्या की तारांची बाजू जिंकते आणि ब्रिज वर उचलला जातो. त्या मुलाचं नेमकं हेच झालं होतं. नवशिक्या माणसाला मी स्पष्ट सांगतो, पहिली मेटल गिटार घेताना फ्लॉइड रोजच्या नादाला लागू नका, पक्का ब्रिज घ्या. ज्यांनी आधीच घेतलीये त्यांच्यासाठी पुढे लिहिलंय.

पायरी तिसरी: सेट निवडा

आता सोपं आहे. २५.५ स्केल धरून सांगतो.

ई स्टँडर्ड किंवा अर्धा सूर खाली: १०-४६. हात अजून तयार नसेल किंवा लीड, म्हणजे सोलो, जास्त वाजवायचं असेल तर ९-४२ सुद्धा उत्तम, यात कमीपणा काही नाही.

ड्रॉप डी: १०-५२. नवीन मेटलवाल्याला डोळे मिटून एकच सेट सांगायचा झाला तर मी हाच सांगेन. वरच्या तीन तारा नेहमीच्याच असल्यामुळे बेंड करायला (तार बोटाने ओढून सूर चढवायला) त्रास नाही, आणि खालच्या तीन भक्कम. हा सेट लावून ई स्टँडर्डलाही वाजवता येतं, सहावी तार जरा कडक लागेल इतकंच.

डी स्टँडर्ड: ११-४९ किंवा ११-५४. ११ ची पहिली तार एक सूर खाली आणली की हाताला जवळपास १० सारखीच लागते, त्यामुळे सवय मोडत नाही.

ड्रॉप सी: ११-५४ किंवा ११-५६. सी स्टँडर्ड: १२-५६ च्या आसपास. म्हणजे त्या दुकानदाराने दिलेला सेट वाईट नव्हता बरं का, तो या ट्यूनिंगचा होता.

ड्रॉप बी आणि खाली: १२-६० किंवा त्याहून जाड, पण मग २५.५ स्केलवर सहावी तार थोडी बोथट वाजायला लागते, बोटाखाली सूर नीट उमटत नाही. तिथे खरं तर सात तारांची गिटार किंवा २७ इंचाची बॅरिटोन बघावी. सात तारांसाठी १०-५९ किंवा १०-६२ असे तयार सेट मिळतात.

एक गोष्ट बरेच जण विसरतात, तिसरी तार. १२ च्या काही सेटमध्ये तिसरी तार वाउंड असते, जॅझवाल्यांसाठी. मेटलमध्ये ती साधीच हवी, नाहीतर बेंड करताना जीव जातो. पाकिटाच्या मागे तिसऱ्या तारेचा आकडा आणि त्यापुढे वाउंडचा डब्ल्यू आहे का ते बघूनच घ्या.

हाताचंही ऐका

इथे मला जरा थांबून बोलायचंय, कारण "जाड तार म्हणजे खरा मेटल" ही समजूत आपल्याकडे फार घट्ट बसलीये आणि तिच्यापायी पोरं बोटं आणि मनगटं दुखवून घेतात.

हेवी मेटलचा आवाज ज्याच्या हातून जन्माला आला तो ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी. १९६५ मध्ये, १७ वर्षांचा असताना, बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात मशीनखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे नेमकी फ्रेटवर दाबायची बोटं. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं बनवली, आणि तारा इतक्या बारीक शोधल्या की त्या काळात गिटारच्या मिळेनात म्हणून बँजोच्या तारा लावल्या. पुढे सूर खाली आणले, १९७१ च्या अल्बममध्ये थेट सी शार्पपर्यंत, त्यामागे बोटांवरचा ताण कमी व्हावा हे एक मोठं कारण होतं. बारीक तारा, ढिल्या तारा, आणि त्यातून तो आवाज. दुसरीकडे मेटॅलिकाचा जेम्स हेटफिल्ड, त्याच्या नावाचा एर्नी बॉल या तारांच्या कंपनीचा सेट ११-५० आहे, कारण त्याचा उजवा हात सलग डाऊनपिकिंग (पिक दर वेळी वरून खालीच) करत तारेवर हातोडा मारल्यासारखा चालतो आणि त्या माराला बारीक तार पुरी पडत नाही. ३० ऑक्टोबर २०११ ला बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंडवर मी तो हात लांबून का होईना पण बघितलाय, मनगट हलतंय की नाही कळत नव्हतं आणि आवाज छातीत बसत होता.

तेव्हा दोन सेट डोळ्यासमोर असतील तर आपला पिक कसा लागतो ते बघा. जोरात मारणाऱ्याने एक पाऊल जाड घ्यावं, हलक्या हाताच्या माणसाने एक पाऊल बारीक. आणि पहिले सहा महिने शंका आली की बारीककडेच झुका. बोट दुखलं म्हणून गिटार कपाटावर गेलेली मी खूप बघितलीत, तार बारीक होती म्हणून कोणी गिटार सोडल्याचं एकही उदाहरण माझ्याकडे नाही.

पायरी चौथी: धातू कुठला

बाजारात मुख्यतः तीन प्रकार. निकेल प्लेटेड स्टील हा सगळ्यात सर्रास, आवाजाला धारही आहे आणि भरीवपणाही, मेटलला बेस्ट, डोकं न चालवता हाच घ्या. प्युअर निकेल मऊ, जुन्या रॉक-ब्लूजच्या वळणाचा, आपल्याला तो गुळगुळीत वाटेल. स्टेनलेस स्टील सगळ्यात तिखट आणि गंजाला चिवट, पण हाताला खरखरीत आणि फ्रेट लवकर झिजवतं.

चौथा प्रकार कोटेड, म्हणजे तारेवर अतिशय पातळ आवरण, एलिक्सर वगैरे. किंमत साध्या सेटच्या जवळपास दुप्पट. पुण्या-नाशिकच्या माणसाला मी कदाचित नको म्हटलं असतं, पण आपण खाडीकाठची माणसं. जून ते सप्टेंबर इथली हवा पिळून काढली तर पाणी निघेल, घाम सुकत नाही, भिंतीला ओल, कपाटात बुरशी, तिथे उघड्या स्टीलच्या तारेचा काय निभाव लागणार. मागच्या पावसाळ्यात मी साधा सेट लावून गिटार दहा दिवस स्टँडवर तशीच ठेवली, खिडकीजवळ. अकराव्या दिवशी पहिल्या तारेवरून बोट सरकवलं तर बोटाच्या टोकावर तपकिरी-काळी रेघ उमटली आणि तार काचकागदासारखी खरखरीत. साध्या तारा आधी जातात, वाउंड तारांचं कळत नाही कारण त्यांच्या खाचांमध्ये घाम आणि मळ साचत जातो आणि आवाज हळूहळू मरतो. मेटलला तर तेच मारक, पाम म्यूटमधला जो कडक, खणखणीत भाग असतो तो सगळ्यात आधी जातो.

माझा हिशोब असा आहे की मे संपता संपता एक कोटेड सेट लावायचा, तो पावसाळा बराचसा काढतो, आणि दिवाळीनंतर कोरड्या हवेत साधे सेट. ज्यांच्या हाताला घाम जास्त येतो त्यांनी वर्षभर कोटेड लावले तरी पैसे वसूल आहेत.

पायरी पाचवी: विकत घेणं

शक्य असेल तर पहिला सेट दुकानात जाऊन घ्या. मोठा साठा बघायचा असेल तर धोबी तलावचं फुर्टाडोज आहेच, सीएसएमटीला उतरलं की चालत. ठाण्यात, वाशीतही वाद्यांची दुकानं आहेत, पण तिथे ९-४२ आणि १०-४६ सहज मिळतात आणि १०-५२ किंवा ११-५४ मागितलं की कधीकधी "तेच आहे, थोडा फरक" म्हणून दुसरंच पुढे केलं जातं. फरक थोडा नाहीये. नाही म्हणा, फोन करून मागवून घ्या, दोन दिवस थांबा.

नकली तारांपासून जपा. नावाजलेल्या कंपन्यांची हुबेहूब पाकिटं बाजारात फिरतात, मला स्वतःला एकदा ऑनलाइन एका विक्रेत्याकडून असा सेट आला, किंमत अर्धी होती तेव्हाच शंका यायला हवी होती. लावताना पहिली तार दोनदा तुटली आणि सहावी बाराव्या फ्रेटवर सुरात येईचना. डॅडारिओच्या तारांना टोकाला रंगीत गोळ्या असतात, सहावी पितळी, पाचवी लाल, चौथी काळी, तिसरी हिरवी, दुसरी जांभळी, पहिली चंदेरी. माझ्या त्या पाकिटात रंग होते पण फिके, नखाने खरवडल्यावर निघत होते. असं काही दिसलं तर लावत बसू नका, परत करा. आणि कायम पहिल्या तारेची एक सुटी तार जास्तीची आणून ठेवा, बारीक असल्यामुळे सगळ्यात आधी तीच तुटते, आणि तुटते ती नेमकी जॅमला.

पायरी सहावी: तारा लावणं आणि सेटिंग

पक्का ब्रिज असेल तर एकेक तार ढिली करून काढा, फ्रेटबोर्ड पुसून घ्या, नवीन तार ब्रिजमधून ओवून नटपर्यंत आणा, पेगच्या (सूर लावायच्या खुंटीच्या) पुढे साधारण दीड-दोन पेगांच्या अंतराएवढी जास्तीची ठेवा आणि बाकीची कापा. वाउंड तार कापायच्या आधी काटकोनात मोडून घ्या, मगच कापा, नाहीतर वरचं गुंडाळलेलं सुटू शकतं. पेगवर जाड तारेचे दोन-तीन वेढे, बारीकचे चार-पाच, वरून खाली एकाखाली एक, एकमेकांवर चढू द्यायचे नाहीत. मग सुरात लावा, तार बोटांनी हळूच वर ओढा, सूर उतरेल, परत लावा, परत ओढा. चार-पाच वेळा केलं की तार बसते. हे न करता "नवीन तारा सूर सोडतात" म्हणणारे खूप आहेत.

गेज बदललं असेल तर अजून तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, नट. जाड तार जुन्या बारीक खाचेत अडकते. ट्यून करताना पेग फिरवला आणि सूर हललाच नाही, आणि मग अचानक "टिंग" करून उडी मारली, तर तार अडकतीये असं समजा. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा, बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं. तार खाचेत बसतच नसेल, वर तरंगत असेल, तर खाच कानशीने मोठी करावी लागते आणि ते काम जाणकार माणसाकडूनच करून घ्या, एकदा जास्त घासलं गेलं की नट बदलण्याशिवाय पर्याय नाही.

दुसरी, मान. ताण वाढला की मान पुढे वाकते. सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि जिथे मान बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमधली फट बघा. व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीपेक्षा किंचित कमी असावी. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, त्याहून जास्त एका वेळी कधीच नाही, परत ट्यून करा, रात्रभर ठेवा, सकाळी परत बघा. जड लागला तर जोर लावू नका, तिथेच थांबा.

तिसरी, इंटोनेशन, म्हणजे मानेवर सगळीकडे सूर बरोबर येणं. बाराव्या फ्रेटवर नुसता स्पर्श करून हार्मोनिक वाजवा, मग तिथेच दाबून वाजवा, ट्यूनरवर दोन्ही सारखे यायला हवेत. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिजवरचा सॅडल (तार जिथे टेकते तो सरकता तुकडा) मागे सरकवा, उतरा असेल तर पुढे. ड्रॉप ट्यूनिंगमध्ये हे केलं नाही तर खाली पॉवर कॉर्ड छान वाजतो आणि वर सातव्या फ्रेटला गेलं की आंबट लागतो.

फ्लॉइड रोजवाल्यांनो, सगळ्या तारा एकदम काढू नका. एक काढा, एक लावा. सुरुवातीला ब्रिजखाली घडी केलेला कपडा सारून तो स्थिर करा, ३ मिमी अ‍ॅलन की ने नटचे लॉक उघडा, जुनी तार काढा, नवीन तारेची गोळी कापून टाका, सॅडलमध्ये घट्ट आवळा. सगळ्या झाल्या की कपडा काढून ट्यून करा आणि बाजूने बघा. ब्रिज पुढे झुकलेला, मागून वर उचललेला असेल तर गिटारच्या पाठीवरचं झाकण उघडून स्प्रिंगांना धरून ठेवणारे दोन स्क्रू थोडे आत घ्या, परत ट्यून करा, परत बघा. पाच-सहा वेळा करावं लागतं, दर वेळी सगळ्या तारा परत सुरात आणायच्या. फार जाड सेट असेल तर एक स्प्रिंग वाढवावी लागते. पहिल्यांदा करताना दुपार जाते, आधीच मोकळी ठेवा.

आत्मविश्वास नसेल तर सेटअप करून देणाऱ्याकडे द्या, पैसे वाया जात नाहीत. फक्त देताना त्याला तुमचं ट्यूनिंग सांगा. नुसतं "सेटअप करा" म्हटलं तर तो ई स्टँडर्डला करून देईल आणि घरी येऊन ड्रॉप सी केल्यावर सगळं परत बिघडेल.

पायरी सातवी: तपासा आणि जपा

सेट बरोबर आहे का हे कळायला ट्यूनर लावा, सहावी तार नेहमीच्या जोराने वाजवा आणि काटा बघा. पिक लागल्या क्षणी किंचित वर जाऊन लगेच जागेवर आला तर ठीक. बराच वर जाऊन हळूहळू खाली येत असेल तर तार बारीक पडतीये, पुढच्या वेळी एक पाऊल जाड. उलट, पहिल्या तीन तारांवर एक सूर बेंड करताना सगळा हात कामाला लागत असेल तर सेट जाड आहे. अ‍ॅम्पचा गेन, म्हणजे डिस्टॉर्शन, कमी करून ऐका, जास्त गेनमध्ये सगळंच भारी वाटतं.

वाजवून झाल्यावर तारा पुसायच्या, प्रत्येक वेळी, वरून आणि खालूनही. जुना सुती बनियन यासाठी सगळ्यात चांगला, धुऊन वापरता येतो. मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने कोपरखैरण्याला जॅमला जातो, पावसात बॅग बाहेरून भिजतेच, म्हणून आत दोन-तीन सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवतो, बुटांच्या खोक्यात येतात त्याच, आणि घरी आल्या आल्या गिटार बॅगेतून बाहेर काढतो, ओल्या बॅगेत रात्रभर ठेवत नाही. रोज तासभर वाजवत असाल तर साधा सेट उन्हाळ्या-हिवाळ्यात महिना-दीड महिना, पावसाळ्यात तीन आठवडे धरून चला. तारीख पाकिटावर लिहा, गेज आणि ट्यूनिंग लिहा, आणि ते पाकीट बॅगेच्या खिशात ठेवा, पुढच्या वेळी दुकानात तेच दाखवता येतं.

त्या बारावीतल्या मुलाला शेवटी आम्ही १०-५२ लावला. तो ऐकत होता त्या पाच गाण्यांपैकी चार ड्रॉप डीमध्ये निघाली. आमच्या हॉलमध्ये जमिनीवर चादर टाकून बसलो, स्प्रिंगांचे स्क्रू त्यालाच फिरवायला लावले, सहाव्यांदा ब्रिज सपाट झाला तेव्हा साडेसात वाजले होते. अ‍ॅम्प लावून त्याने सहाव्या तारेवर पाम म्यूट केला, एकदाच, आणि हात तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिला. आतून आईने विचारलं, "लागला का रे खर्ज?"